बदकासारखा दिसणारा आलेख

बारावी सायन्स किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष केलेल्या कुणालाही 'रेडॉक्स' म्हटलं की काय आठवतं? ब्युरेट, त्यातलं जांभळं पोटॅशियम परमँगनेट, आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला रे आला की घाईघाईने बंद केलेली तोटी. तीन रीडिंग, त्यातली दोन सारखी, जर्नलवर सही. विषय संपला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑक्सिडीकरण आणि क्षपण समजायला एवढा प्रयोग पुरत नाही. त्याच्या शेजारी व्होल्टॅमेट्रीचा एक तरी प्रयोग प्रत्येक कॉलेजात हवा. आणि 'परवडत नाही' ही सबब आता जुनी झाली.

टायट्रेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात दिसतं काय? फक्त शेवट. मँगनीज +7 वरून +2 वर आला, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतले, हे आपण समीकरणात लिहितो. फ्लास्कमध्ये त्यातला एकही इलेक्ट्रॉन आपल्याला जाणवत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, प्रोग्राम चालवला आणि शेवटी फक्त 'सक्सेस' एवढंच छापून आलं. मधे काय झालं, किती वेगाने झालं, कुठे अडलं, पत्ता नाही. अशा वेळी आम्ही लॉग मागतो. व्होल्टॅमेट्री म्हणजे अभिक्रियेचा लॉग!

पद्धत ऐकायला सोपी आहे. द्रावणात तीन इलेक्ट्रोड बुडवायचे. एकावर अभिक्रिया घडते. दुसरा संदर्भासाठी, त्याचं पोटेन्शियल स्थिर असतं. तिसरा नुसता सर्किट पूर्ण करतो. मग पहिल्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज हळूहळू बदलत न्यायचं आणि प्रत्येक क्षणी किती करंट वाहतो ते मोजायचं. करंट म्हणजेच इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. ते पुस्तकातून उठून थेट आलेखावर येतात. व्होल्टेज जाऊन परत मूळ जागी आणलं की त्याला सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणतात.

नेहमीचं उदाहरण घ्या, पोटॅशियम फेरिसायनाइड. पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घालून त्यात हे थोडंसं विरघळवायचं. +0.6 व्होल्टपासून सुरुवात करून -0.1 पर्यंत खाली यायचं आणि परत वर जायचं. सेकंदाला 50 मिलीव्होल्टचा वेग धरला तर सगळा खेळ 28 सेकंदांचा. आधी काहीच होत नाही. मग लोखंड +3 वरून +2 वर यायला लागतं आणि करंट चढतो. चढतो, चढतो, आणि व्होल्टेज अजून खाली जात असूनही अचानक उतरायला लागतो. का? कारण इलेक्ट्रोडजवळचा माल संपला! नवे आयन लांबून हळूहळू सरकत येणार, तोवर थांबा. परतीच्या वाटेवर तिथेच घुटमळणारं +2 लोखंड इलेक्ट्रॉन परत देतं आणि उलट्या दिशेचं दुसरं टोक उमटतं. पूर्ण आलेख पोहणाऱ्या बदकासारखा दिसतो. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाले खरोखरच त्याला बदक म्हणतात.

या बदकात किती माहिती असते बघा. दोन टोकांच्या मधोमध त्या जोडीचं पोटेन्शियल. टोकाच्या उंचीवरून प्रमाण. 25 अंशांना एका इलेक्ट्रॉनच्या आदर्श अभिक्रियेत दोन टोकांत साधारण 59 मिलीव्होल्टचं अंतर हवं. जास्त आलं तर एक तर इलेक्ट्रॉन सावकाश जातायत, नाही तर द्रावणाचा रोध आडवा येतोय. वेग चौपट केला की टोकाची उंची दुप्पट होते, चौपट नाही. हे वर्गमूळाचं नातं 1948 मध्ये रँडल्स आणि शेवचिक यांनी वेगवेगळं काम करून मांडलं.

आता त्याच भांड्यात क जीवनसत्त्व टाका. जाताना टोक येतं, परतताना काहीच नाही. कारण इलेक्ट्रॉन दिल्यावर तो रेणू पाण्याशी अभिक्रिया करून पटकन बदलतो, परत घ्यायला जागेवर राहतच नाही. 'रिव्हर्सिबल' आणि 'इर्रिव्हर्सिबल' हे शब्द आपण घोकतो, इथे ते अर्ध्या मिनिटात डोळ्यांना दिसतात. परमँगनेटच्या गुलाबी रंगात हे कधी दिसलंय?

ही काही कालची गोष्ट नाही. प्राग शहरात यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी 1922 मध्ये थेंब थेंब गळणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून वापरून असा पहिला आलेख मिळवला, तोही एकेक बिंदू हाताने मोजून. त्याचा कंटाळा आल्याशिवाय का 1924 मध्ये मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्याबरोबर आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं? 1959 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे शंभर वर्षं जुनं तंत्र आहे, आणि आपली पोरं अजून तोटी फिरवतायत.

खर्चाचं बोलू. यंत्राला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात आणि कंपनीचं घेतलं तर महाग पडतं, मान्य. पण आत असतं काय? दोन-चार ऑप-अँप, व्होल्टेज देणारा डॅक, करंट वाचणारा एडीसी आणि एक मायक्रोकंट्रोलर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातल्या मंडळींनी 2011 मध्ये 'चीपस्टॅट' नावाचं असं यंत्र सर्किटसकट सगळ्यांसाठी खुलं केलं, खर्च 80 डॉलरच्या आत. इलेक्ट्रोडला पेन्सिलीतलं शिसं चालतं (नावालाच शिसं, असतं ग्रॅफाइट). इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी सर्किट करावं, कॉम्प्युटरच्या पोरांनी आलेख काढावा, आणि 'आम्हाला केमिस्ट्री कशाला?' या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच शोधावं.

आक्षेप ठाऊक आहे: यंत्र आलं की पोरं बटणं दाबतील, विचार करणार नाहीत. मला उलट वाटतं. टायट्रेशनचं उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून तर रीडिंग एका जर्नलातून दुसऱ्यात फिरतात. इथे इलेक्ट्रोड नीट घासला नाही तर बदक बिघडतं, आणि का बिघडलं ते शोधावंच लागतं. शिवाय यंत्र अर्धंच सांगतं. अमुक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन गेले एवढंच कळतं, कुणाचे गेले ते नाही. आवळ्याच्या रसात टोक आलं म्हणून ते क जीवनसत्त्वच असं नव्हे, त्यातली टॅनिनंही इलेक्ट्रॉन देतात. मग ओळखीचं क जीवनसत्त्व थोडं घालून टोक वाढतं का ते बघायचं. याला विचार करणं नाही तर काय म्हणायचं? (काळजी एकच: फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ न्यायचं नाही, विषारी वायू सुटतो.)

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही. आज कितीतरी घरांत ग्लुकोमीटर आहे. रक्ताच्या थेंबातली साखर इलेक्ट्रॉन देते, एन्झाइम ते उचलतं, पट्टीवरचा मध्यस्थ ते इलेक्ट्रोडपर्यंत नेतो. बऱ्याच पट्ट्यांत हा मध्यस्थ म्हणजे हेच आपलं फेरिसायनाइड. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार शिसं (खरं शिसं!) लिटरला 0.01 मिलिग्रॅमच चालतं. ते मोजायलाही व्होल्टॅमेट्री वापरतात: आधी शिसं इलेक्ट्रोडवर जमा करायचं, मग व्होल्टेज वाढवत ते उतरवायचं आणि टोक बघायचं.

ग्लुकोमीटरवर आलेल्या आकड्यावरून माणसं इन्सुलिन किती घ्यायचं ते ठरवतात. तो आकडा कुठून येतो आणि कशाने चुकू शकतो, हे निदान इंजिनिअर म्हणवणाऱ्याला तरी माहीत असावं. त्यासाठी नवा विषय नको, नवी इमारत नको. दोन तासांचं एक प्रॅक्टिकल आणि पेन्सिलीचा एक तुकडा पुरे. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात शिकवत असेल तर येत्या सत्रात एका बॅचला करून बघा. आलेख वाकडातिकडा आला तर अजूनच उत्तम!