वडीलधाऱ्यांना खुर्ची द्या, पण खुर्चीत बसवून ठेवू नका

आपल्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत अजून टिकून आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. आजी दारात दिसली की नातू उठून खुर्ची देतो. सून म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते." मुलगा म्हणतो, "बाबा, दुकानात तुम्ही कशाला जाता? मी मोटारीने आणून देतो." गणेशचतुर्थीला विसर्जनाची मिरवणूक निघाली की ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आधीच गाडीत बसवले जाते. यामागचे प्रेम खरे आहे. परंतु या प्रेमाने होणारे नुकसानही तितकेच खरे आहे, आणि त्याविषयी आपल्या घरांतून कोणी बोलत नाही.

प्रथम गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद होते. मग देऊळ गाडीनेच. मग अंगणातल्या भाजीला पाणी घालणे दुसऱ्याकडे जाते. दोनएक वर्षांत पाहावे तर माणूस न्हाणीघरापर्यंत जायलाही हात मागतो. घरचे म्हणतात, "वय झाले." वय तर झालेच, पण त्या दोन वर्षांत मांडीचे स्नायू वापराविना सुकले, दम कमी झाला, वजन वाढले, आणि वाढलेले सगळे वजन त्याच दुखऱ्या गुडघ्यावर आले. दुखणे म्हणून बसणे आणि बसल्यामुळे आणखी दुखणे, असे हे चक्र आहे.

पुष्कळांची अशी समजूत आहे की सांधा हा यंत्राच्या भागासारखा असतो. जितका वापरावा तितका झिजतो, म्हणून उरलेला जपून ठेवावा. ही समजूत चुकीची आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होते, आणि तो द्रव कूर्चेत आतबाहेर जाण्यासाठी सांधा हलावा लागतो, त्यावर दाब पडून सुटावा लागतो. म्हणजे न हलणारा सांधा एक प्रकारे उपाशी राहतो. शिवाय गुडघ्याला सावरतात ते मांडीचे स्नायू. ते सैल पडले की पायरी उतरताना सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांचा आजचा सल्ला गुडघा बांधून बसावे असा नसून हिंडतेफिरते राहावे असाच आहे.

दुसरी गोष्ट हृदयाची व साखरेची. २०२१ सालच्या आपल्या देशाच्या आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाचातल्या एकाला मधुमेह आढळला. आपल्यातले एकही घर असे नसेल की जिथे रोज सकाळी साखरेची गोळी घेतली जात नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला चालणे हे औषधाइतकेच लागते. गुडघ्यासाठी चालणे सोडले तर साखर वाढते, हृदय अशक्त होते. म्हणजे गुडघा वाचवायला जाऊन आपण हृदय धोक्यात घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी शिफारस केली तीत ज्येष्ठांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीनंतर तोल व ताकद सांभाळणाऱ्या हालचाली आठवड्यातून तीन दिवस. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो अर्धा तास दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करूनही भरता येतो.

यावर जुनी माणसे एक रास्त आक्षेप घेतात. ती म्हणतात, "आम्ही उभे आयुष्य उसाच्या शेतात काढले. आमच्या बापजाद्यांनी मुंबई बंदरातून येऊन या बेटावर दगड उचलले. आता आम्हाला कसला व्यायाम शिकवता? आता तरी बसू द्या." या म्हणण्यात जो शीण आहे त्याचा आदर केला पाहिजे. परंतु श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाच्या शेतात ओझे दुसऱ्याने ठरवले, वेळ मुकादमाने ठरवली, पाठ वाकली तरी थांबता आले नाही. व्यायामात ओझे आपण ठरवतो, आणि दुखले की थांबण्याचा हक्क आपला असतो. विश्रांती ही श्रमाचा हक्क आहे हे खरे. परंतु वीस-पंचवीस वर्षांची अखंड विश्रांती कोणत्याही शरीराला मानवत नाही.

मग करावे काय? धावणे, उड्या मारणे, पायऱ्या चढण्याची शर्यत हे आपले काम नव्हे. आपल्याला हवा तो व्यायाम असा, की ज्यात छाती भरून श्वास घ्यावा लागेल पण सांध्याला हादरा बसणार नाही. आणि या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. परदेशात लोक पैसे भरून गरम पाण्याच्या तलावात जातात. आपल्या बेटाला प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत शांत, उथळ समुद्र जवळजवळ सर्व बाजूंनी पसरलेला आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचा भार सुमारे निम्माच राहतो. छातीइतक्या पाण्यात तो तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि मानेपर्यंत गेल्यास दहाव्या हिश्शाइतका. जी आजी जमिनीवर शंभर पावले चालू शकत नाही ती पाण्यात पंधरा मिनिटे चालू शकते. पोहता येण्याची गरज नाही. पाण्याचा विरोध असल्यामुळे हळू चालले तरी हृदयाला पुरेसा व्यायाम होतो.

फ्लिक-आँ-फ्लाक, ब्लू बे, मों श्वाझी, बेल मार येथे असा उथळ किनारा आहे. मात्र समुद्र सगळीकडे सारखा नसतो. तामारिनला लाटा सरळ किनाऱ्यावर येतात, आणि सुइयाकजवळच्या ग्री-ग्रीला तर प्रवाळाची भिंतच नाही. तेथे पाण्यात उतरू नये. कोठेही एकट्याने जाऊ नये, कमरेच्या किंवा छातीच्या पुढे जाऊ नये, आणि पायात रबरी तळव्याचे जोडे घातल्याशिवाय पाऊल टाकू नये. खडकात समुद्री साळू असतात, आणि ज्याला आपण क्रियोलमध्ये लाफ म्हणतो तो विषारी मासा दगडासारखा पडून असतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना जखम झालेली कळतही नाही. त्यांनी घरी आल्यावर तळपाय नीट पुसून पाहावेत.

जे समुद्रापासून दूर, वाक्वा किंवा क्युरपीपच्या पावसाळी भागात राहतात त्यांच्यासाठी सपाट रस्त्यावरचे चालणे आहेच. चढउताराचा रस्ता टाळावा. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते. मऊ तळाचे बंद बूट घालावेत, सपाता घालून फिरू नये. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्यातले निम्मे लोक ती उलट्या हातात धरतात. काठीची लाज वाटू देऊ नये, कारण काठी घेऊन देवळापर्यंत जाणारा माणूस काठीविना घरात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी स्वतंत्र असतो. उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्च, सकाळी लवकर चालावे. पावसाच्या दिवशी खुर्चीत बसून पाय सरळ उचलून दहा अंक मोजावेत, आणि हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा व बसण्याचा सराव करावा. घरी एका जागी ठेवलेली सायकल असेल तर फारच चांगले. तिची बैठक एवढी उंच ठेवावी की पायटा खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील.

आपल्याकडे आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे झाकरी. कोकणातली जाखडी आपल्या पूर्वजांनी इथे आणली आणि आपण ती टिकवली. उड्या आणि गिरक्या तरुणांसाठी राहू द्याव्यात. परंतु ढोलकीच्या ठेक्यावर गोल धरून पाऊल पुढे, पाऊल मागे, टाळी, असे संथ वीस मिनिटे केले तर तो हृदयाचाही व्यायाम आहे आणि तोलाचाही. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी खुर्चीत बसून पाय आणि टाळी चालवावी. जी गाणी तोंडपाठ आहेत त्यांच्यावर पाय आपोआप हलतात, कोणाला ओढून न्यावे लागत नाही.

किती करावे, याला घड्याळाची व यंत्राची गरज नाही. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवावा. दुखण्याची परीक्षा दोन तासांनी करावी. व्यायामानंतर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी थोडे कमी करावे. बंद मात्र करू नये. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला एकदोन मिनिटे वाढवली तरी पुरे. वजन जास्त असणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की शरीराचे वजन एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. छातीत दुखणे, चक्कर, किंवा सांधा एकाएकी लाल, गरम व सुजलेला होणे ही मात्र थांबून डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

काही जण म्हणतील, "आम्ही महाशिवरात्रीला गंगा तलावापर्यंत पायी जातो, तोच आमचा व्यायाम." या श्रद्धेला वंदन असो. पण एकावन्न आठवडे बसून बावन्नाव्या आठवड्यात मैलोन्मैल चढाचा रस्ता चालणे हा गुडघ्यावर अन्याय आहे. ज्यांना ती यात्रा म्हातारपणीही करायची आहे त्यांनी ती आदल्या वर्षीच रोजच्या अर्ध्या तासाने सुरू करावी.

आता हे सारे घराघराने एकट्याने करायचे म्हटले तर दोन आठवड्यांत विरून जाईल, हे मलाही कळते. म्हणून माझे म्हणणे आपल्या मंडळ्यांना आहे. आपल्या गावोगावच्या मराठी मंडळ्यांकडे सभागृहे आहेत, ढोलकी आहे, गाणारे आहेत. आठवड्याचे बहुतेक दिवस ती सभागृहे कुलूपबंद असतात. आठवड्यातून एक सकाळ, एक तास, ज्येष्ठांच्या व्यायामासाठी ती उघडावीत. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून समुद्रावर जावे. २००५ सालापासून ज्येष्ठांना बसचा प्रवास मोफत आहे. त्या बसने आपले आजोबा-आजी आज दवाखान्यात जातात. त्याच बसने त्यांनी फ्लिक-आँ-फ्लाकलाही जावे. खर्च म्हणावा तर सरबताचा. आपल्या समाजात परिचारिका आहेत, शाळांतून व्यायाम शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांनी एकेक सकाळ दिली तर चुकीच्या हालचालीची भीती राहणार नाही.

यात मंडळ्यांचाही लाभ आहे. आपली गाणी, आपले शब्द, कोणत्या गावातून कोण आले याच्या आठवणी याच माणसांजवळ आहेत. घरात एकेकटे दूरदर्शनसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडून मराठी पुढे जात नाही. ती पुढे जाते चार माणसे एकत्र चालताना, बोलताना, जुन्या ओळी एकमेकांना आठवून देताना, आणि शेजारी चालणाऱ्या नातवाच्या कानावर पडताना.

आणि मुला-सुनांना एवढीच विनंती. आईवडिलांना खुर्ची जरूर द्या, तो आपला संस्कार आहे. पण रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांना खुर्चीतून उठवून, त्यांच्या गतीने, त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चाला. दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायला त्यांना जाऊ द्या, उशीर झाला तरी चालेल. मंडळीच्या पुढच्या बैठकीत सभागृहाच्या चावीचा विषय काढा. येत्या गणेशचतुर्थीच्या मिरवणुकीत निदान शेवटची शंभर पावले तरी आपल्या घरच्या आजीने गाडीतून उतरून चालावीत, असे आजपासून ठरवता येईल.