नौका आपली, इंजिन परक्याचे

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांशी बोलताना एका प्रश्नावर सरळसरळ दोन तट पडलेले दिसतात. २८ एप्रिल २०२५ रोजी भारत सरकारने फ्रान्सशी करार करून विमानवाहू नौकांसाठी २६ राफेल-मरीन विमाने घेण्याचे ठरविले. त्यांत २२ एका आसनाची व ४ दोन आसनांची आहेत. शस्त्रे, प्रशिक्षण व देखभाल यांसह किंमत सुमारे ६३,००० कोटी रुपये. एक तट म्हणतो, पाबळ-केंदूरच्या पट्ट्यात उन्हाळा आला की पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ही चैन कशासाठी? दुसरा तट म्हणतो, आपल्याच गावांतली मुले सैन्यात आहेत. संरक्षणाच्या बाबतीत शंका काढून पक्षाने लोकांच्या रोषास पात्र होऊ नये. या दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, आणि दोन्हींत पक्षाच्या विचाराला सोडचिठ्ठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या तटाविषयी प्रथम. टँकरचा सवाल खरा आहे. त्यासाठी लढलेच पाहिजे. परंतु नौदलाचे पैसे वाचले म्हणजे ते आपोआप पाबळच्या विहिरीत पडतील, हा भाबडेपणा झाला. पाणी कोणाला मिळावे हे ज्या सत्तासंबंधांमुळे ठरते, ते विमाने न घेतल्याने बदलत नाहीत. शिवाय, १९७१ साली विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बझारवर मारा केला आणि बांगलादेशच्या मुक्तीला हातभार लावला. ते बळ निरर्थक होते, असे आपण म्हणणार काय? संरक्षणाचा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या हवाली करून नुसता भाकरीचा प्रश्न मांडणे म्हणजे अर्धे राजकारण सोडून देणे होय.

आता दुसरा तट. प्रश्न विचारू नका, असे म्हणणाऱ्यांनी महालेखापालांचा २०१६ चा अहवाल डोळ्यांखालून घालावा. २००४ व २०१० च्या करारांनी रशियाकडून ४५ मिग-२९के विमाने घेण्यात आली. ती वापरण्यायोग्य स्थितीत असण्याचे प्रमाण एका आसनाच्या विमानांच्या बाबतीत १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढेच आढळले. मिळालेल्या ६५ इंजिनांपैकी ४० सेवेतून काढावी अथवा नाकारावी लागली. ज्या विक्रमादित्य नौकेसाठी ही विमाने घेतली, तिच्या नूतनीकरणाची किंमत ९७.४ कोटी डॉलरवरून सुमारे २३५ कोटी डॉलरवर गेली. हे आक्षेप राज्यघटनेनेच नेमलेल्या हिशेबनिसाने नोंदविले आहेत. मग प्रश्न न विचारण्याने कोणाचे रक्षण झाले? सैनिकाचे खासच नव्हे.

वृत्तपत्रांत जो वाद रंगला तो निराळाच होता. फ्रान्सचे राफेल बरे की अमेरिकेचे सुपर हॉर्नेट? २०२२ साली गोव्यात नौदलाच्या हंसा तळावर दोन्हींच्या चाचण्या झाल्या. कोणाचे पंख दुमडतात, नौकेच्या लिफ्टमध्ये कोणते मावते, यावर रकानेच्या रकाने भरले गेले. या तांत्रिक बाबी क्षुल्लक नाहीत. परंतु मूळ प्रश्न त्या वादात कोठेच नव्हता. २०२३ मध्ये बोईंगने सुपर हॉर्नेटचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. गिऱ्हाईक निवड करीत असतानाच दुकानदार एक फळी लावून घेतो, तेव्हा त्या निवडीला स्वातंत्र्य म्हणता येईल काय?

मूळ प्रश्न १९६१ पासूनचा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये पहिली विक्रांत नौदलात दाखल झाली आणि जूनमध्ये बंगळूरला भारतात घडविलेले मारुत हे लढाऊ विमान प्रथम आकाशात उडाले. मारुतचा सांगाडा उत्तम होता, परंतु त्याला साजेल असे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. विक्रांतवर सी हॉक आली, विराटवर सी हॅरिअर आली, विक्रमादित्यवर मिग आली. २०२२ साली कोचीच्या सार्वजनिक गोदीत सुमारे २०,००० कोटी रुपयांत, देशी पोलाद वापरून, नवी विक्रांत उभी राहिली. तिच्यासाठी आता त्या रकमेच्या तिपटीहून अधिक किमतीची २६ परदेशी विमाने येणार आहेत.

असे का व्हावे? भारतीय अभियंत्याला अक्कल नाही म्हणून? तेजसची नौदलासाठी केलेली आवृत्ती ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्यवर यशस्वीपणे उतरली. मात्र पुरेसे इंधन व शस्त्रे घेऊन नौकेवरून झेपावण्यास ती अपुरी पडते, असे नौदलाने २०१६ मध्येच सांगितले होते आणि त्याबद्दल नौदलाला दोष देता येणार नाही. दोष इंजिनाचा आहे. कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली; २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. १९९८ च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने तेजसला दिलेले तांत्रिक साहाय्य थांबविले, तरी इंजिन अमेरिकेचेच राहिले. वायुदलाने २०२१ मध्ये मागविलेल्या नव्या तेजससाठीचे पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती पडले! नाशिकजवळ ओझरच्या सरकारी कारखान्यात बांधलेले तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले. कामगाराच्या हातात कसब आहे. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात आहे.

भीमा आणि घोड नद्यांकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विहीर आपली आणि मोटार भाड्याची असेल, तर पाण्याची पाळी मोटारवाला ठरवतो. शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने केल्यावाचून विद्या येत नाही या श्रद्धेने. जे खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत खरे, ते राष्ट्राच्या बाबतीतही खरे आहे. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर ते वापरण्याचे कौशल्य येते, घडविण्याचे येत नाही.

तेव्हा पक्षाची भूमिका ‘विमाने नकोत’ अशीही नसावी आणि ‘सरकार म्हणेल ते प्रमाण’ अशीही नसावी. आपल्या मागण्या तीन असाव्यात. या विमानांपैकी किती वापरण्यायोग्य आहेत, याचा हिशेब दरवर्षी संसदेच्या समितीपुढे यावा. फ्रेंच कंपनीबरोबर देशात इंजिन विकसित करण्याचा मनोदय संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये बोलून दाखविला. त्या इंजिनाच्या आराखड्याची मालकी भारताकडे व उत्पादन सार्वजनिक क्षेत्राकडे राहील, हे करारातच नमूद व्हावे. आणि तिसरी विमानवाहू नौका बांधायला घेण्यापूर्वी तिच्यावरून कोणाचे विमान उडणार, याचे उत्तर सरकारने जनतेला द्यावे.

१९६३ साली लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हाही तो अप्रिय ठरला होता. हिशेब मागणे हे देशद्रोहाचे नव्हे, मालकाचे लक्षण आहे. दौंडच्या फलाटावर रजा संपवून गाडीची वाट पाहणारा जवान आणि पाबळला टँकरच्या रांगेत उभी असलेली त्याची आई, दोघेही या ६३,००० कोटींचे मालक आहेत. त्यांच्या वतीने हा हिशेब मागण्यास कार्यकर्त्यांनी संकोचू नये.