अ‍ॅलन्सवर्थ कर्नलच्या मृत्यूने मोडले नाही

कॅलिफोर्नियातील टुलारे परगण्यात, सांता फे रेल्वेच्या मार्गालगत, १९०८ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी एक शेतीगाव वसले. त्याला अ‍ॅलन्सवर्थ हे संस्थापकाचे नाव मिळाले. कर्नल अ‍ॅलन अ‍ॅलन्सवर्थ केंटकीत गुलाम म्हणून जन्मले. वाचायला शिकतो एवढ्याच अपराधासाठी मालकाने त्यांना लहानपणी दूर विकून टाकले. यादवी युद्धात ते निसटले, पुढे लष्करात धर्मगुरू झाले आणि १९०६ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. गावाला त्यांचे नाव शोभणारेच होते. पण त्या नावाने गावाचा इतिहास झाकोळला. सप्टेंबर १९१४ मध्ये मोटारसायकलच्या धडकेने कर्नल गेले आणि त्यांच्यामागे गाव मोडले, अशी कथा रूढ झाली.

ही कथा सोयीची आहे, कारण तिच्यात कोणीच दोषी ठरत नाही. प्रत्यक्षात गावाची कोंडी कर्नलच्या हयातीतच सुरू झाली होती. जमीन विकणाऱ्या पॅसिफिक फार्मिंग कंपनीने पुरेशा पाण्याचा शब्द दिला आणि तो पाळला नाही. खारवट जमिनीत पाण्यावाचून शेती कशी तगणार? त्यातच १९१४ मध्ये रेल्वेने शेजारच्या अल्पॉकडे फाटा काढला आणि अ‍ॅलन्सवर्थच्या स्थानकावरची मालाची उलाढाल आटली.

कर्नलनंतर नेतृत्व दुबळे पडले, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या नामवंत शिक्षणसंस्थेच्या धर्तीवरच्या उद्योगशाळेची त्यांची योजना पुढे विधिमंडळात अडली. शहरांतील काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचाही तिला विरोध होता. वेगळी संस्था म्हणजे वर्णभेदाला आपणहून दिलेली मान्यता, अशी त्यांना धास्ती होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण गावकरी एका माणसाच्या तोंडाकडे पाहत बसले नव्हते. १९१२ मध्ये तिथे शाळा उभी राहिली. वाचण्यापायी विकल्या गेलेल्या माणसाच्या पत्नीने, जोसेफीन यांनी, आपल्या आईच्या स्मरणार्थ गावाला वाचनालय दिले. अशा वस्तीत कर्तबगारीची वाण नव्हती. तरुण कामासाठी शहरांकडे गेले हेही खरेच, पण पिकाला पाणी असते तर त्यांतले कितीतरी थांबले असते.

पुढे १९६६ मध्ये गावाच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. आज जुन्या वस्तीचे राज्य ऐतिहासिक उद्यान झाले आहे. तिथे येणाऱ्यांना कर्नलचे चरित्र जितक्या आस्थेने सांगावे, तितक्याच तपशिलाने कंपनीने मोडलेल्या त्या शब्दाचा हिशेबही सांगितला पाहिजे.