अग्रलेखापलीकडचे वृत्तपत्र

मराठी वृत्तपत्रांच्या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. रा. गो. कानडे यांचा 'मराठी नियतकालिकांचा इतिहास' १९३८ मध्ये आणि रा. के. लेले यांचा 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांनी पाया घातला. तथापि मराठी विभागांतील पुढील संशोधन बव्हंशी संपादकाचे चरित्र, त्याची भूमिका आणि अग्रलेखांची शैली याच परिघात फिरत राहिले.

याला ऐतिहासिक कारण आहे. 'दर्पण' (१८३२), 'दीनबंधू' (१८७७), 'केसरी' (१८८१) ही पत्रे प्रामुख्याने लोकमत घडविण्यासाठी निघाली. साहजिकच संपादकाचे लेखन म्हणजेच वृत्तपत्र, असे समीकरण रूढ झाले. ते सर्वत्र लागू पडत नाही. १९२० मध्ये निघालेल्या 'मूकनायका'वर संपादक म्हणून पांडुरंग भटकर यांचे नाव असे. आरंभीचे अग्रलेख मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. म्हणजे मतपत्राच्या अभ्यासातही पत्र प्रत्यक्षात कसे चालते, हा प्रश्न टाळता येत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑफसेट छपाई, संगणकीय अक्षरजुळणी आणि जिल्हा आवृत्त्या यांमुळे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला. भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या या विस्ताराची सविस्तर मांडणी रॉबिन जेफ्री यांनी २००० मध्ये केली. सेवंती निनान यांनी २००७ मध्ये हिंदी पट्ट्यातील स्थानिक पत्रकारितेचा वेध घेतला. बातमी पाठविणाऱ्यानेच जाहिरातीही मिळवाव्यात, अशी व्यवस्था असेल, तर बातमीचा अर्थ केवळ तिच्या मजकुरातून लागत नाही.

हे काम समाजशास्त्राचे आहे, असे म्हणून मराठीच्या अभ्यासकाला बाजूला होता येणार नाही. 'असे समजते', 'असे सांगण्यात आले' या रचनांत सांगणारा कोठे लपतो? भावे प्रयोगामुळे जबाबदारी कोणावरून उतरते? हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचेच आहेत. एकाच दिवसाच्या दोन जिल्हा आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या, उपसंपादक व वार्ताहर यांच्या मुलाखती घेतल्या, तर एखाद्या लघुप्रबंधातूनही मोलाची सामग्री हाती येईल.

यासाठी वेळ मात्र फार नाही. ग्रंथालयात मुख्य आवृत्ती बांधून ठेवली, तरी तालुक्याची बातमी असलेले पान तीत असेलच असे नाही. संगणकीय पडद्यावरील मजकूर तर प्रसिद्धीनंतरही बदलता येतो. अग्रलेखांचे संग्रह निघतात, बातम्यांचे क्वचितच निघतात. सामान्य माणसाचे नाव मात्र वृत्तपत्रात येते ते बहुधा बातमीतच. ती पाने जपली गेली नाहीत, तर उद्याच्या इतिहासात संपादकांचा आवाज उरेल. ज्यांच्याविषयी ते लिहीत होते, ती माणसे उरणार नाहीत.