निवडक तेवढं ठेवून बाकी टाकावं का?



दशलक्षण पर्व जवळ आलं की मी माळा काढते. भाद्रपद शुद्ध पंचमीच्या आत घरातलं नको ते बाहेर गेलं पाहिजे, हा माझा नेम आहे. उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य यांवरची प्रवचनं मन लावून ऐकायची आणि घरी डोक्यावर भरलेला माळा तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही. त्यात आमच्या वसईचा पाऊस. माळ्यावरच्या वस्तूला बुरशी लागायला एक श्रावण पुरतो.

यंदा माळ्यावरून धाकट्याचं खोकं निघालं. आत चाळीसेक सीडी, बहुतेक इंग्रजी गाण्यांच्या. काही विकतच्या, काही कॉलेजात मित्राकडून उतरवून घेतलेल्या, वर पेनानं नावं लिहिलेल्या. त्याला पुण्याला फोन लावला. म्हणाला, "आई, त्यात स्पूनची २०१९ ची एक सीडी आहे, मी अमेरिकेहून आणलेली. तेवढी ठेव. त्या बँडची सगळी चांगली गाणी तिच्यात आहेत. बाकीच्या भंगारवाल्याला देऊन टाक."

हिशेब सरळ वाटला. चाळीसच्या जागी एक, परिग्रह कमी, माळा मोकळा. पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर. किंमत ठरवल्याशिवाय वस्तू बाहेर काढायची नाही, ही सवय जात नाही. म्हणून थोरल्याच्या मुलाला हाताशी घेतलं आणि या सीडीची माहिती काढली.

स्पून हा अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराचा बँड. अशांना 'इंडी रॉक' म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आश्रयाला न जाता छोट्या कंपनीकडून किंवा स्वतःच्या बळावर गाणी काढणारे. १९९६ ते २०१७ या काळात त्यांचे नऊ अल्बम निघाले. २०१९ मध्ये त्यांनी 'एव्हरीथिंग हिट्स ॲट वन्स' नावाचा निवडक गाण्यांचा संच काढला. त्यात गाणी तेरा, बारा जुनी आणि एक नवं. नवं गाणं कशाला, ते तुम्हाआम्हाला कळतं. जुन्या गिऱ्हाइकानंही पुन्हा पैसे मोजावेत म्हणून. साडीच्या सेलमध्ये एक नवा नमुना पुढे टांगतात, तसंच.

अशा संचांना दर्दी लोक नाक मुरडतात. खऱ्या रसिकानं पूर्ण अल्बम ऐकावा, संच हा घाईतल्या माणसाचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. या बँडचा गायक ब्रिट डॅनियल यानंच सांगितलं आहे की 'द क्युअर' या इंग्लंडच्या बँडशी त्याची ओळख झाली ती त्यांच्या १९८६ च्या अशाच एका संचातून. तिथून तो मागे मागे त्यांच्या जुन्या अल्बमांकडे गेला. संच हे दार आहे. दारातून कोणी आत आलं तर दाराला कमी लेखू नये.

आणि आपण तरी काय करतो? आपल्या स्वाध्यायाच्या चौरंगावर जिनवाणी संग्रह असतो. भक्तामर, मेरी भावना, आलोचना पाठ, पूजा, आरत्या, सगळं एका जाडजूड पुस्तकात. मीही कितीतरी वर्षं तेवढंच वाचलं. समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार पूर्ण वाचायला मला साठी गाठावी लागली. श्लोक अवघे दीडशे. पण संग्रहानं वाचायची गोडी लावली नसती तर तेही झालं नसतं.

याहून मोठं उदाहरण समणसुत्तंचं. विनोबाजींची फार इच्छा होती की जैनांचा सर्वांना मान्य असा एक ग्रंथ असावा. जिनेंद्र वर्णीजींनी प्राचीन ग्रंथांमधून वेचून ७५६ गाथांचा संग्रह सिद्ध केला. महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्तानं १९७४ मध्ये दिल्लीत संगीती भरली आणि सर्व संप्रदायांनी त्याला मान्यता दिली. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, तेरापंथी एका पुस्तकाभोवती बसले ते निवडीमुळेच. तेव्हा निवडक म्हणजे हलकं, असं मी कधीच म्हणणार नाही.

मग सीडी ठेवून बाकीच्या काढून टाकायला हरकत कसली? मलाही आधी काही दिसली नाही. पण नातवानं गाण्यांची यादी वाचून दाखवली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बँडच्या पहिल्या दोन अल्बमांतलं एकही गाणं त्या संचात नाही. दुसरा अल्बम १९९८ चा. तो त्यांनी इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडून काढला, खप झाला नाही आणि काही महिन्यांतच कंपनीनं त्यांना सोडलं. पुढे २००१ पासून त्यांचं पुन्हा जमत गेलं. संच सुरू होतो तो तिथून. पडतीचा काळ त्यात नाहीच.

खोक्यात तो दुसरा अल्बम होता, मित्राकडून उतरवलेला. नातवानं तो लावला आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हे गाणं मला ठाऊक होतं. धाकटा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला त्या पावसाळ्यात हेच गाणं भिंतीपलीकडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऐकू यायचं. तो जेवायला बाहेर यायचा नाही, बोलायचा नाही. मी दारापाशी ताट ठेवायची. गाणं वाजतंय म्हणजे तो जागा आहे, ठीक आहे, एवढाच माझा आधार होता. त्या गाण्याचा एक शब्द मला कळत नव्हता, आजही कळत नाही.

आमच्या अभ्यासात रोजकीर्द, खतावणी आणि शेवटी ताळेबंद असायचा. ताळेबंद एका पानावर सांगतो की आज तुमच्याकडे काय आहे. तो खरा असतो आणि उपयोगी असतो. पण कोणत्या महिन्यात उधारी झाली, कोणी वेळेला पैसे दिले, ते पाहायला रोजकीर्दच उघडावी लागते. निवडक गाण्यांचा संच हा ताळेबंद आहे. म्हणून ताळेबंद झाला की रोजकीर्द जाळायची नसते.

आपल्याकडच्या इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचंही तसंच. २००० साली निघालेल्या त्यांच्या 'कंदिसा' अल्बममध्ये सातच गाणी. त्यातलं 'मा रेवा' पुष्कळांनी सुटं ऐकलेलं असतं. ते नर्मदेचं गाणं. बँडमधले राहुल राम आधी नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली गावंही सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. पूर्ण अल्बम ऐकला तर त्याच बैठकीत गोरख पांडे यांच्या कवितेवरचं गाणं आणि शेवटी सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थनाही ऐकू येते. नदी, शेतकरी, देव एकाच ठिकाणी का आणले असतील, हा प्रश्न सुट्या गाण्यानं पडत नाही.

आपले जिनवाणी संग्रह करणारे या बाबतीत शहाणे. त्यांनी आलोचना पाठ वगळला नाही. स्तुती आणि आरत्या तेवढ्या निवडल्या असत्या तर पुस्तक गोड झालं असतं. पण केलेल्या चुका आठवायची पानंही त्यांनी आत ठेवली, म्हणून तो संग्रह माणसाच्या उपयोगी पडतो.

तेव्हा माझं मत असं. ओळख करून घ्यायची असेल तर संच जरूर घ्यावा, मुलांना द्यावा, त्यात कमीपणा नाही. मात्र ज्याच्याशी आपलं नातं जडलं आहे त्याचा दुसऱ्यानं निवडलेला संच पुरत नाही. तिथं निवड आपणच करायची. आणि करताना पडतीच्या वर्षाचं एक तरी पान ठेवायचं. अपरिग्रह म्हणजे कमी ठेवणं हे खरं, पण काय ठेवायचं हे दुसऱ्याच्या यादीवरून ठरवणं म्हणजे अपरिग्रह नव्हे.

तेरा गाण्यांची ती सीडी मी नातवाला दिली. एक 'कंदिसा' ठेवली आणि एक पेनानं नाव लिहिलेली, मित्राकडून उतरवलेली. बाकीच्या सगळ्या गेल्या. धाकट्याला फोन करून सांगितलं की तुझी ती १९९८ वाली मी काढली नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला ऐकू यायचं?"

म्हटलं, "रोज."

पर्वाआधी माळा काढाल तेव्हा खोकं ज्याचं आहे त्याला फोन तेवढा करा.

उत्तम क्षमा.