प्लास्टिकचा झेंडू

यंदा पाऊस लांबला, कागद महागला, जाहिराती रोडावल्या. वर्षाचा आढावा एवढाच. जुने वाचक समजून घेतील. मला वर्षभर डाचतंय ते वेगळंच.

गेल्या २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती मंडळींच्या मृतांच्या स्मरणदिनी, वसईकडच्या एका दफनभूमीत मित्राच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेलो होतो. गवत काढलेलं, क्रूस नव्यानं रंगवलेले, जिकडेतिकडे झेंडू. जुलैत पुन्हा गेलो. गवत कमरेएवढं, झेंडू मात्र तसाच! प्लास्टिकचा होता. रंग उडालेला, आणि त्याच्याच बोळ्यांनी गटार तुंबून पाणी कबरींवर चढलेलं. फाटकावर पाटी होती, ‘प्लास्टिकची फुले आणू नयेत’. त्या पाटीलाच कुणीतरी प्लास्टिकचा हार अडकवला होता.

‘आपल्यात कुठे पुरतात?’ असं म्हणून पान उलटू नका. लिंगायतांत पुरतात, तान्ह्या बाळांना बहुतेक सगळेच पुरतात. आणि थाटामाटाची हौस सगळीकडे सारखीच. चौथरा जितका ऐसपैस, तितकी शेजारच्या कबरीकडे जायची वाट अरुंद.

याच्या उलट नमुना हवा तर खडकीची युद्धदफनभूमी एकदा बघून या. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत. हुद्दा कोणताही असो, मान सारखाच, हे तत्त्व १९१८ मध्येच ठरलं होतं. ते सगळ्यांच्या बाबतीत पाळलं गेलं नाही, आशिया-आफ्रिकेतल्या हजारोंच्या वाट्याला नावाचा दगडही आला नाही, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये कबूल केलं. पण खडकीची हिरवळ निगुतीनं राखलेली आहे. तिथेच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. त्यावर १८०० हून अधिक नावं आहेत. त्यातली बरीच माणसं खडकीत नाहीत. भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत आहेत. तिथल्या कबरींची निगा राखणं जमेना, म्हणून त्यांची नुसती नावं इकडे आणली.

या अंकाचा विषय ‘घर’. दफनभूमी त्यात ओढूनताणून आणली असं वाटेल, वाटू दे. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो, तो कणकेचा. कबरीवरचं फूलही तसंच दोन दिवसांत मातीत जाणारं असावं. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी जुलैतही एक फेरी मारावी, खुरपं घेऊन.

पाटीवरचा तो हार मी काढून टाकला होता. ऑगस्टमध्ये तिथे नवा होता.