आधी झाकण ठेवा!

मुलांनो, आज एक कोडं घालते. एका भांड्यात कढत पाणी आहे आणि ते बराच वेळ तसंच कढत राहायला हवं आहे. काय कराल? पटकन खाली डोकावू नका हं. आधी उत्तर मनाशी ठरवा.

असाच प्रश्न १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये तुमच्याएवढ्या मुलांना विचारला गेला होता. मुलं मोठी हुशार, बहुतेक प्राध्यापकांचीच. कुणी म्हणालं, भांडं लोकरीत गुंडाळू. कुणी त्याहून नामी युक्ती काढली. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर शिकवणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, की मी असते तर आधी त्यावर झाकण ठेवलं असतं!

"हॅत्, हे तर आमची आई रोजच ओरडून सांगते!" असंच म्हणालात ना? खरं आहे. फक्त या बाईंना तोवर भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालेलं होतं. त्या होत्या मादाम मेरी क्युरी. समोर बसलेल्या मुलांमध्ये त्यांची थोरली लेक आयरिनही होती.

त्याचं असं झालं, की मुलांना दिवसभर कोंदट वर्गात बसवून ठेवणं मादाम क्युरींना आणि त्यांच्या प्राध्यापक मित्रांना पसंत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, आपली मुलं आपणच शिकवायची. रसायनशास्त्र जाँ पेराँ शिकवणार, गणित पॉल लाँजव्हँ, आणि गुरुवारी दुपारी भौतिकशास्त्र मादाम क्युरी. या तासाला सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या शाईत बुडवून उतरत्या फळीवर सोडायच्या. गोळी घरंगळत जाई तशी शाईची वक्र रेघ उमटे आणि वस्तू कशी पडते त्याचा नियम डोळ्यांना दिसे. काय मजा असेल! मात्र प्रयोग करताना टेबल घाण झालं, की बाई खवळत. 'नंतर पुसते' हे त्यांच्यापुढे चालत नसे. मुळात घाण होऊच द्यायचं नाही. ही शाळा दोनेक वर्षं चालली.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते धाकट्या लेकीमुळे, ईव्हमुळे. रेडियम, पोलोनियम, दोन नोबेल हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचताच. मला आज सांगायचंय ते या ईव्हनं आईचे उपकार कसे मानले, त्याबद्दल.

ईव्ह जेमतेम सव्वा वर्षाची असताना, १९ एप्रिल १९०६ ला, तिचे वडील प्येर क्युरी पॅरिसच्या रस्त्यात माल वाहणाऱ्या घोडागाडीखाली सापडून गेले. सरकार पेन्शन देऊ करत होतं. मी अजून तरुण आहे, माझं आणि मुलींचं पोट मी भरीन, असं सांगून आईनं ते नाकारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या जागी ती सोर्बोन विद्यापीठात शिकवायला उभी राहिली.

घरची रीत साधी होती. सकाळी तासभर डोक्याचं नाहीतर हाताचं काम, मग बाहेर. बागेत एक आडवा दांडा उभारला होता. त्याला झोका, कड्या आणि चढायला दोर. शिवण, स्वयंपाक, बागकामही आलंच पाहिजे. अंधाराला भ्यायचं नाही. वीज कडाडली तरी उशीखाली तोंड खुपसायचं नाही. आणि अकरा-बारा वर्षांच्या झाल्या, की मुलींनी एकटीनं बाहेर जायचं! आईबाबांनो, तुम्हीही वाचताय ना? नवरा ज्या शहराच्या रस्त्यावर गेला, त्याच शहरात ही बाई मुलींना एकटं सोडत होती. तिच्या पोटात काय कालवाकालव होत असेल, याचा विचार मी अनेकदा करते. मुलींना मात्र तिनं ती दिसू दिली नाही.

पुढे आयरिन आईच्या वाटेनं गेली. पहिल्या महायुद्धात, वयाच्या अठराव्या वर्षी, ती जखमी सैनिकांचे क्ष-किरण फोटो काढत होती. १९३५ मध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला नोबेल मिळालं. ईव्ह प्रयोगशाळेत कधी रमली नाही. ती पियानो वाजवायची, वर्तमानपत्रात लिहायची. आईनं तिला अडवलं नाही.

१९२१ साली या दोघी आईबरोबर अमेरिकेला गेल्या. अमेरिकन बायकांनी एक लाख डॉलर जमवून मादाम क्युरींसाठी एक ग्रॅम रेडियम घेतलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ते मिळायचं होतं. आदल्या संध्याकाळी दानपत्र वाचताना आईच्या लक्षात आलं, की कागदात ते तिच्या स्वतःच्या नावानं आहे. म्हणजे तिच्यामागं ते मुलींचं झालं असतं! ती म्हणाली, हे प्रयोगशाळेच्या नावे करा. लोक म्हणाले, करू की सावकाश. पण छे! त्याच रात्री वकील शोधून आणायला लावला आणि सही करूनच ती थांबली. सोळा वर्षांच्या ईव्हसमोर एवढी दौलत अशी हातची गेली. मोठेपणी तिनं ही हकिकत लिहिली, ती तक्रारीनं नव्हे, अभिमानानं.

४ जुलै १९३४ रोजी आई गेली. वर्षानुवर्षं किरणोत्सर्ग अंगावर घेतल्यानं तिचं रक्तच बिघडलं होतं. शेवटी ईव्ह जवळ होती. मग तिनं आईची पत्रं, कागद गोळा केले आणि १९३७ मध्ये आईचं चरित्र प्रसिद्ध केलं. सुरुवातीलाच ती बजावते, की जिची खात्री नाही अशी एकही गोष्ट मी सांगितलेली नाही, कपड्याचा रंगदेखील मनानं रंगवलेला नाही.

आपले 'माझी आई' हे निबंध आठवा बरं! सगळ्यांच्या आया पहाटे उठतात आणि सगळ्या प्रेमळ असतात. ईव्हची आई तशी नाही. ती अबोल आहे. वडिलांबद्दल मुलींशी ती बोलूच शकत नसे, इतकं ते दुःख खोल होतं. लेकींना ते किती लागलं असेल! ईव्हला ही गोष्ट गाळता आली असती, पण तिनं गाळली नाही. मला तर वाटतं, जे शिस्तीचे धडे आयरिननं प्रयोगशाळेत गिरवले, तेच ईव्हनं कागदावर गिरवले.

या पुस्तकाचा मराठी अनुवाद आहे, बरं का. तो केलाय प्रसिद्ध गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी. त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, आणि गाणं त्या शिकल्या आपल्या आईकडे, माणिक भिडे यांच्याकडे. पुस्तक जाडजूड आहे. आठवीच्या पुढच्यांना सहज झेपेल. धाकट्यांनी आईच्या मागं लागून वाचून घ्यावं, रोज थोडं थोडं.